डिजिटल पियानोला अरेंजर मॉड्युल जोडायचंय? आधी डावा हात ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. घरी रोलँडचा एफपी-३० आहे, ओळखीच्यांकडून रोलँडचंच सेकंडहँड बीके-७एम अरेंजर मॉड्युल, म्हणजे स्वतःच्या की नसलेलं आणि कॉर्डवरून बँडची साथ वाजवणारं यंत्र, ट्रायलला आणलंय, पटलं तर घ्यायचंय. ऑनलाइन मागवलेली युएसबी-मिडी केबल (मिडी म्हणजे आवाज नव्हे, कोणती की दाबली ही माहिती) लावली तर काहीच वाजत नाही. भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी वाजवायची आहेत, बहुतेक वेळा घरी आणि कधीमधी हॉलवर. जोडणी जमणार नसेल तर वेगळा मिडी कंट्रोलर, म्हणजे नुसतं मिडी पाठवणारा कीबोर्ड, घ्यावा का?

जोडणी होते, आणि चांगली होते. वायर लावणं हा त्यातला सोपा भाग आहे, तो पहिल्या दिवशीच संपतो. खरी गोची पुढे आहे. बरेच जण वायर लावून, ठेका चालू करून खूश होतात आणि महिन्याभराने मॉड्युल परत विकायला काढतात, कारण आपला डावा हात नक्की काय करणार हे त्यांनी ठरवलेलंच नसतं. चॅनेल, स्प्लिट (डाव्या-उजव्या हातातली हद्द), लोकल ऑन-ऑफ, कॉर्ड मोड ही सगळी सेटिंग्ज त्या एका निर्णयावरून ठरतात.

पण आधी ती केबल. तुमची केबल खराब नाहीये, ती कॉम्प्युटरसाठी बनवलेली आहे. युएसबीमध्ये एक बाजू होस्ट लागते, म्हणजे सूत्रं हलवणारी, आणि दुसरी डिव्हाइस. एफपी-३० वरचं चौकोनी युएसबी कॉम्प्युटरला जोडायचं, म्हणजे पियानो तिथे डिव्हाइस आहे. बीके-७एमचं कॉम्प्युटरवालं पोर्टही तसंच. दोन डिव्हाइस एकमेकांना जोडली की दोघंही समोरच्याने सुरुवात करायची वाट बघत बसतात, त्यामुळे शांतता. आणि दोन्हीकडे जे चपटं पोर्ट दिसतं ते पेनड्राइव्हसाठी आहे, त्यात मिडी केबल खुपसून उपयोग नाही, तिथे फक्त फाइल वाचली जाते. मॉड्युलवर गोल पाच पिनांचं मिडी इन आहे, पण एफपी-३० वर पाच पिनांचं काहीच नाही. हा प्रॉब्लेम फक्त रोलँडचा नाही, यामाहा पी-४५ सारख्या बऱ्याच घरगुती पियानोंवर आता गोल मिडी येतच नाही.

तर मधे होस्ट पाहिजे. केंटनचा मिडी युएसबी होस्ट किंवा डोरेमिडीचा युएमएच-१० अशा छोट्या डब्या मिळतात, पियानोचं युएसबी डबीत, डबीचं मिडी आउट मॉड्युलच्या मिडी इनमध्ये, झालं. एक बघा, काही रोलँड वाद्यांत युएसबी ड्रायव्हर जेनेरिक की व्हेंडर असं सेटिंग असतं, ते असेल तर जेनेरिकवर ठेवा नाहीतर डबीला पियानो ओळखताच येणार नाही. दुसरा मार्ग ब्लूटूथ. एफपी-३० मध्ये ब्लूटूथ मिडी आहे आणि सीएमईचा विडी मास्टर मॉड्युलच्या गोल पोर्टांना लावला की वायरलेस काम होतं. घरी मस्त चालतं. हॉलवर जिथे समोर दोन-तीनशे मोबाइल आहेत तिथे मी वायरच लावतो, यावर वाद घालायला मला आवडत नाही. आणि ब्लूटूथ मिडी वेगळं, ब्लूटूथ ऑडिओ वेगळं, हे लक्षात ठेवा. मॉड्युलचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवर घ्यायचा विचारही करू नका, की दाबल्यावर आवाज इतका उशिरा येतो की ठेक्यात वाजवताच येत नाही.

ट्रायलपुरता मात्र एक रुपयाही खर्च न करता उपाय आहे, आणि त्यात तुमची तीच केबल कामी येईल. लॅपटॉप मधे ठेवा. पियानोचं युएसबी लॅपटॉपला, त्या केबलचं युएसबी पण लॅपटॉपला, केबलची गोल पिन मॉड्युलच्या इनमध्ये, आणि विंडोजवर मिडी-ऑक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून पियानो टू केबल अशी लाइन जोडा. स्वस्त केबलवर इन-आउट अशी लेबलं असतात त्यावर फार विश्वास ठेवू नका, कुणी आपल्या बाजूने लिहितं कुणी समोरच्या, आउट लिहिलेली पिन मॉड्युलच्या इनमध्ये घालून बघा आणि नाही वाजलं तर पिना बदला, त्याने काही जळत नाही.

आता पहिली गंमत होईल ती सांगून ठेवतो. मॉड्युलचं मिडी आउट सुद्धा परत पियानोकडे जोडलं, म्हणजे डबीच्या दोन्ही वायरी लावल्या, की स्टाइल, म्हणजे तयार ठेका आणि साथ, चालू करताच पियानो आपोआप बेस आणि गिटारचे तुकडे पियानोच्या आवाजात वाजवायला लागू शकतो. घाबरू नका, पियानो बिघडलेला नाही. मॉड्युल आपले सगळे पार्ट मिडीवरून बाहेर पाठवतंय आणि पियानो ते इमानदारीत वाजवतोय. परतीची वायर काढून टाका, माहिती फक्त पियानोकडून मॉड्युलकडे जायला हवी. दुसरी गंमत, पियानोवर तुम्ही ग्रँडवरून इलेक्ट्रिक पियानोवर गेलात की तिकडे मॉड्युलचा आवाजही बदलतो, कधीकधी अख्खा सेटअपच उडतो. पियानो प्रोग्रॅम चेंज, म्हणजे आवाज बदलायचा मिडी संदेश, पाठवतोय. मॉड्युलच्या मिडी मेनूत प्रोग्रॅम चेंज घेणं बंद करा, किंवा पियानोवर पाठवणं बंद करता येत असेल तर तिथे. हे गाण्याच्या मधे झालं तर गायक आपल्याकडे जे बघतो ते बघणं विसरता येत नाही.

बरं, आता डावा हात.

अरेंजरला दोन गोष्टी वेगवेगळ्या कळाव्या लागतात, कॉर्ड कुठून वाचायची आणि मेलडीचा आवाज कुठून वाजवायचा. की असलेल्या अरेंजर कीबोर्डमध्ये हे आतल्या आत ठरलेलं असतं म्हणून तिथे कुणाला प्रश्न पडत नाही. मॉड्युलला की नाहीत, त्याला सगळं मिडी चॅनेलवरून समजतं. कोर्ग आणि केट्रॉन या कंपन्यांच्या अरेंजरमध्ये ग्लोबल नावाचा चॅनेल असतो, त्यावर आलेला स्वर मॉड्युल स्वतःच्याच कीबोर्डवर दाबल्यासारखा धरतं, म्हणजे स्प्लिटच्या खाली कॉर्ड आणि वर मेलडी. रोलँडमध्ये कॉर्ड वाचणाऱ्या चॅनेलला एनटीए म्हणतात, नोट टू अरेंजर. घरगुती पियानो साधारण सगळं एकाच चॅनेलवर पाठवतो, बहुतेक वेळा १ वर. म्हणून तुमच्या बाबतीत पियानो ज्या चॅनेलवर पाठवतोय तोच चॅनेल मॉड्युलच्या एनटीएला आणि वरच्या पार्टला, म्हणजे मेलडीच्या आवाजाला, असा दोघांनाही द्यायचा, आणि एनटीएला स्वरांची मर्यादा घालायची, म्हणजे अमुक कीच्या खालचंच वाच. बीके-७एम मध्ये वेगवेगळ्या वाद्यांसाठी मिडीचे तयार सेट दिलेले आहेत, त्यातला पियानोला जवळचा घ्या आणि त्यात दुरुस्ती करून आपल्या नावाने सेव्ह करा, शून्यापासून सुरू करू नका. मर्यादा टाकताना एक अष्टकाचा घोळ होतो. मिडीत मधला सा, म्हणजे नोट नंबर ६०, यामाहावाले सी३ लिहितात आणि रोलँडवाले सी४. वेगळ्या कंपनीचा पियानो असेल तर पुस्तकातला आकडा टाकू नका, की दाबून डोळ्यांनी बघून ठरवा.

आता ठरवायचं ते हे. डावा हात फक्त कॉर्ड धरणार, की पियानोसारखा वाजवणार?

फक्त कॉर्ड धरणार असेल तर सोपं आहे, फिंगर्ड मोड (धरलेल्या स्वरांवरून कॉर्ड ओळखणारा), स्प्लिट, मध्य सा च्या थोडं खाली. पण मग तुम्ही ८८ जड की असलेला पियानो घेऊन ६१ कीच्या कीबोर्डसारखं वाजवताय. शिवाय पियानोचा लोकल ऑन असेल तर डाव्या हाताने धरलेली प्रत्येक कॉर्ड पियानोच्या आवाजात ठणकन वाजते, वर मॉड्युलचं गिटार-बेस आहेच, खाली नुसता चिखल होतो. लोकल ऑफ केलं तर पियानोच्या की फक्त मिडी पाठवतात, आवाज पूर्ण मॉड्युलचा. चिखल गेला, पण ज्या पियानोच्या आवाजासाठी एफपी-३० घेतला तोच गेला. २०११ च्या मॉड्युलमधला पियानो वाईट नाही, पण एफपी-३० च्या आवाजाची सवय झालेल्या कानाला तो पातळ लागतो. मधला मार्ग म्हणजे पियानोवर स्प्लिट करून डाव्या बाजूला काहीतरी मऊ आवाज ठेवायचा आणि बॅलन्स उजवीकडे ढकलायचा, मात्र स्प्लिट केल्यावर तुमचा पियानो मिडी कसा पाठवतो ते एकदा तपासा.

मी स्वतः दुसरा रस्ता धरतो आणि पियानो वाजवणाऱ्याला तोच सांगतो. लोकल ऑन. पियानोचा आवाज पियानोतूनच. मॉड्युलमध्ये पियानिस्ट मोड, ज्यात कॉर्ड बदलायला निदान तीन स्वर एकत्र लागतात. मॉड्युलचा लोअर पार्ट, म्हणजे डाव्या हाताचा आवाज, बंद. वरच्या पार्टला फक्त स्ट्रिंग्ज किंवा बासरी, हव्या त्या अंतऱ्यात चालू-बंद करता येईल अशी. यात डावा हात नेहमीसारखा वाजतो, एक-दोन स्वरांनी कॉर्ड हलत नाही. आपल्या गाण्यांसाठी तर हे फारच सोयीचं, कारण आपण डाव्या हाताने नुसता सा-प धरून ठेवतो अशा जागा पुष्कळ असतात. फिंगर्डमध्ये नुसत्या सा-प वरून मशीन स्वतःचं काहीतरी ठरवतं, पियानिस्टमध्ये ते आधीची कॉर्ड धरून गप्प बसतं. यमनातलं भावगीत घ्या, पांढरी एकमध्ये, म्हणजे सी हाच सा. तीव्र मध्यम आला की डी मेजर धरावीशी वाटते, पण खाली षड्ज सोडायचा नसतो. तेव्हा बेस इन्व्हर्शन चालू करून डाव्या हाताने खाली सा आणि त्यावर डी, एफ शार्प, ए असं धरलं की मॉड्युलचा बेस सा वर राहतो आणि वरचे सूर बदलतात. बेस इन्व्हर्शन बंद असेल तर बेसवाला सरळ रे वर उडी मारतो आणि यमन तिथेच संपतो.

पियानिस्ट मोडचा तोटा पण सांगतो. डाव्या हाताने भरगच्च चालता तुकडा वाजवला, किंवा मेलडीचे स्वर मर्यादेच्या खाली उतरले, की मॉड्युल त्यातून भलत्याच कॉर्ड काढतं. म्हणून एनटीएची मर्यादा पूर्ण कीबोर्ड ठेवू नका, मध्य सा च्या खालीच ठेवा. आणि सस्टेन पेडल मॉड्युलच्या फक्त वरच्या पार्टला लागू द्या, लागतच असेल तर. पियानोवाल्यांचा पाय पेडलवरून निघत नाही, आणि स्ट्रिंग्जवर तो पाय राहिला की सगळं गाणं एकाच धुक्यात जातं.

ट्रान्सपोजबद्दल, म्हणजे बटणाने पट्टी बदलण्याबद्दल, वेगळं सांगायला हवं कारण हॉलवर सगळ्यात जास्त पचका इथे होतो. गायिका म्हणते काळी चार, तुम्ही बसवलंय पांढरी पाचमध्ये. पियानोवर ट्रान्सपोज एकने वाढवलं. आता काही पियानो मिडीवरून बदललेला स्वर पाठवतात, काही मूळ कीचाच पाठवतात. दुसऱ्या प्रकारचा असेल तर पियानो काळी चारमध्ये आणि बँड पांढरी पाचमध्ये, आणि हे कळतं इंट्रो संपून पहिली ओळ सुरू झाल्यावर. पहिल्या प्रकारचा असेल आणि तुम्ही सावधगिरी म्हणून मॉड्युलवर पण एक वाढवला तर बँड अर्धा स्वर वर. घरी दोन मिनिटांत तपासा, पियानोवर ट्रान्सपोज प्लस एक, मॉड्युल शून्य, स्ट्रिंग्ज चालू, आणि मधला सा दाबा. दोन्ही आवाज जुळले तर यापुढे फक्त पियानोवर बदलायचं. नाही जुळले तर दरवेळी दोन्हीकडे. कागदावर लिहून मॉड्युलला चिकटवा, स्टेजवर आठवत नाही. आणि खरं सांगू का, काळी चारमध्ये वाजवायचा रियाज असेल तर ही भानगडच नको.

आवाज बाहेर काढताना. एफपी-३० ला लाइन इन नाही आणि लाइन आउटही नाही, हेडफोनचे दोन जॅक आहेत. त्यामुळे मॉड्युलचा आवाज पियानोच्या स्पीकरमधून घ्यायचा प्रश्नच येत नाही, आणि जमलं असतं तरी घेऊ नये. ११ वॉटचे दोन स्पीकर पियानोसाठी बसवलेले आहेत, त्यावर किक ड्रम आणि बेस चालवला की फरफर करतात. छोटा मिक्सर घ्या, पियानो हेडफोनमधून एका स्टिरिओ चॅनेलवर, मॉड्युल दुसऱ्यावर, आणि घरी एक चांगला पॉवर्ड स्पीकर. हेडफोन जॅक लावला की पियानोचे स्पीकर बंद होतात, गोंधळू नका. हॉलवर साउंडवाल्याला दोन्ही एकत्र देऊ नका. पियानो वेगळा आणि मॉड्युल वेगळं अशा लाइन द्या, नाहीतर तो बास कमी करायला गेला की तुमचा डावा हातच गायब होतो. लॅपटॉप मधे असेल आणि घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा तिथेच असतो. मंगल कार्यालयात लाइट गेली आणि जनरेटरवर बदली झाली की मॉड्युल रीस्टार्ट होतं, साधा कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस सोबत ठेवला तर गाणं तुटत नाही.

स्टाइलचं काय? बीके-७एम च्या फॅक्टरी स्टाइलमध्ये पोल्का, वॉल्ट्झ, बेगीन भरपूर, याचं कारण ही मॉड्युलं मुळात युरोपातल्या अकॉर्डियनवाल्यांसाठी जास्त खपतात, मिडी बसवलेलं अकॉर्डियन गळ्यात आणि बँड डबीत. केट्रॉन इटलीतल्या अँकोनाची, अकॉर्डियनचं गाव कास्तेलफिदार्दो त्याच जिल्ह्यात, आणि रोलँडचं अरेंजरचं बरंच काम पण इटलीतच व्हायचं. आपल्याला केरवा आणि दादरा पाहिजे. केरव्याच्या ८ मात्रा ४/४ मध्ये बसतात, दादऱ्याच्या ६ ला ६/८ किंवा ३/४ चालतं, पण ३/४ च्या वॉल्ट्झला दादरा म्हणून खपवू नका, बेस पहिल्या मात्रेवर असा आपटतो की भावगीत नाचायला लागतं. रूपकच्या ७ मात्रांसाठी ७ ची स्टाइल शोधावी किंवा बनवावी लागते, बाकी कशात कोंबता येत नाही. जुन्या रोलँड अरेंजरच्या एसटीएल, म्हणजे स्टाइलच्या, फाइल पेनड्राइव्हवरून चालतात आणि आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांकडे असा साठा असतो, मागून घ्या, पण प्रत्येक स्टाइल आपल्या मॉड्युलवर ऐकून ड्रम आणि बेसची लेव्हल सुधारून मगच सेव्ह करा.

सोबत तबला असेल तर स्टाइलचा ड्रम पार्ट म्यूट करा, बेस आणि गिटार ठेवा, फार तर शेकर. तबला आणि ड्रम मशीन एकावर एक चढले की दोन्ही वाया जातात. आणि अभंग, भजन असेल तर माझं स्पष्ट मत, स्टाइल लावूच नका. भजनाची लय चढत जाते, पखवाजवाला आणि टाळवाले मिळून ती वर नेतात, आणि मॉड्युलचा टेम्पो आपला ९६ वर ९६ राहतो. तिथे मॉड्युलमधल्या फक्त स्ट्रिंग्ज घ्या आणि पियानोही कमीच वाजवा.

पायाने चालवायची सवय लगेच लावा. दोन्ही हात पियानोवर अडकलेले असतात, मॉड्युलची बटणं दाबायला हात सुटत नाही. बीके-७एम ला रोलँडचा सात बटणांचा एफसी-७ लागतो, केट्रॉनला त्यांचे स्वतःचे फूटस्विच आहेत. सगळी सात बटणं पहिल्या दिवशी वापरायला जाऊ नका, स्टार्ट-स्टॉप, फिल (ठेक्यातला मधला छोटा तुकडा) आणि एंडिंग एवढ्यावर महिनाभर वाजवा. एफसी-७ नाही मिळाला तर साधा फूटस्विच लावून त्याला निदान फिल द्या.

मग कंट्रोलर घ्यावा का? तुमच्याकडे एफपी-३० असताना नको. कंट्रोलरची गरज लागते ती हॉलवर पियानो उचलून न्यायचा कंटाळा आला की, आणि तेव्हा गोल मिडी आउट असलेलाच घ्या, स्टुडिओलॉजिकचा एसएल८८ किंवा नेक्टरचा इम्पॅक्ट एलएक्स प्लस, म्हणजे मॉड्युलला सरळ एका वायरने जोडता येतो आणि होस्ट डबीचं लफडं नाही. नुसतं युएसबी असलेला कंट्रोलर घेतला तर आज जिथे अडकलात तिथेच परत याल. खरं तर मॉड्युलच पाहिजे असंही नाही. कोर्ग पीए५० किंवा पीए६०० सारखा जुना अरेंजर कीबोर्ड चांगल्या अवस्थेत मिळाला तर तो मिडी इनवरून मॉड्युलसारखाच चालतो, पियानोच्या वर ठेवला की बटणं हाताशी येतात, आणि पियानोच्या जड कीवर बासरी-सनई वाजवताना जी मुरड निघत नाही ती त्याच्या हलक्या कीवर आणि पिच बेंडवर निघते. मला विचाराल तर दोन्हीची किंमत सारखी सांगत असतील तर मी कीबोर्ड घेईन, जागेची अडचण नसेल तर.

मॉड्युलच घ्यायचं ठरलं तर पैसे देण्याआधी हे बघा. पेनड्राइव्ह लावून एखादी स्टाइल वाचते का, मिडी इनवर स्वर येतात का, दोन्ही आउटपुट जॅक हलवल्यावर खरखर होते का, डिस्प्ले कडेला काळा पडलाय का, आणि व्हॉल्यूमचं नॉब फिरवताना आवाज मधेच जातो का. अडॅप्टर ओरिजिनल मागून घ्या. नसेल तर व्होल्ट, मिलीअँपिअर आणि पिनेची पोलॅरिटी मॉड्युलच्या मागे छापलेली असते, तिचा फोटो काढून पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दाखवा. व्होल्ट आणि पोलॅरिटी तंतोतंत तीच, अँपिअर तेवढे किंवा जास्त. "हा पण चालेल साहेब" असं दुकानदार म्हणाला तरी आधी छापील आकडे जुळवा.